संखेड्याचं घोडियुं: मोठं धाकट्यासाठी, छोटं थोरल्यासाठी

घरात दुसरं बाळ येणार असेल आणि पहिलं अजून अडीच-तीन वर्षांचं असेल, तर संखेड्याचं घोडियुं, म्हणजे गुजरातेतल्या संखेडा गावचा लाखकाम केलेला लाकडी पाळणा, जरूर घ्या. पण त्याच दुकानातून बाहुलीचं छोटं घोडियुंही घ्या. माझ्या मते पैसे खरे वसूल होतात ते त्या छोट्याचे.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. सुनेला सातवा लागला तेव्हा डभोईमार्गे संखेड्याला गेलो आणि नातवाला मुद्दाम बरोबर नेलं. हा माल बडोद्यातही मिळतो, पण संखेड्यात खरादी मंडळी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, काम करताना बघायला मिळतात. सागवानी पायांवर कथिलाची रुपेरी नक्षी काढलेली असते. त्यावर लाख चढली की ती सोनेरी दिसायला लागते. नातू ते बघत बराच वेळ उकिडवा बसून होता. मोठं घोडियुं आम्ही नेहमीचं मरून-सोनेरी घेतलं. छोटं कुठलं घ्यायचं ते त्याच्यावर सोडलं. त्याने हिरवं उचललं आणि घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मोठं घोडियुं बाळंतपणाच्या बरंच आधी दिवाणखान्यात मांडून ठेवलं. लाखेचा वास उडायलाही तेवढे दिवस लागतातच. तोवर नातवाने ते हाताळलं, खालून रांगत गेला, दोरी ओढून पाहिली. बाळाची वस्तू त्याच्या ओळखीची झाली. त्याच सुमारास त्याचं अंथरूण आईजवळून माझ्याजवळ आणलं. हेही आधीच करावं. बाळ घरी आलं त्याच रात्री आईशेजारची जागा गेली, तर मूल बाळावर राग धरणारच.

छोट्या घोडियासाठी मी जुन्या लुगड्याची बाहुली शिवली. मान धरून कसं उचलायचं, दोरी किती हळू ओढायची, बाळाच्या तोंडावर पांघरूण का घालायचं नाही, हे सगळं त्याला बाहुलीवर शिकवलं. "बाळ तुझ्याशी खेळेल" असं आम्ही कधी सांगितलं नाही. बाळ पहिले काही महिने झोपेल, रडेल, दूध पिईल, असंच सांगितलं. शेजारीपाजारी "आता तुला कोण विचारणार?" म्हणून चिडवतात, त्यांना मी दारातच थांबवलं. लहान मुलाला ती थट्टा कळत नाही, भीती मात्र कळते.

नात घरी आली तेव्हा सुनेने बाळ माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात मोकळे करून आधी थोरल्याला जवळ घेतलं. तरीसुद्धा काही आठवडे तो पुन्हा बाटली मागायला लागला, गादी ओली करायला लागला. या वयात असं होतं आणि न रागावता घेतलं तर निवळतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं. एका दुपारी "मला पण खोयुंत (घोडियाच्या कापडी झोळीत) घाला" म्हणून हटून बसला. मी त्याला मऊ चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि हलवत राहिले. पाय पार जमिनीला लागत होते, पण थोड्या वेळात समाधानाने उठला आणि आपल्या बाहुलीला झोपवायला गेला. बारशाला त्याने बाहुलीचंही नाव ठेवायला लावलं. आत्याने नातीच्या कानात "कुर्र" केलं आणि मग त्या हिरव्या घोडियापुढे वाकून बाहुलीच्या कानातही केलं. तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

आता वस्तूबद्दल. लाकूड आणि रंग उत्तम. पण आमचा एक पाय किंचित आखूड निघाला, घोडियुं डुगडुगत होतं. दुकानदाराने बदलून दिलं नाही; इथल्या सुताराकडून पाचर बसवून घ्यावी लागली. तेव्हा पैसे देण्याआधी सपाट फरशीवर उभं करून हलवून बघा. स्क्रू सैल होत राहतात, अधूनमधून आवळायला हवेत. ओल्या फडक्याने पुसू नका, लाखेची चमक जाते.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. खोयुंच्या कापडात बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाने सपाट, घट्ट गादीवर उताणंच झोपावं, असं बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. म्हणून आमच्याकडे नात घोडियात असते ती जागेपणी, कोणी मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. डोळा लागला की उचलून गादीवर. दोरी थोरल्याच्या हातात द्यायची ती आपला हात त्याच्या हातावर ठेवूनच. तो जोरात ओढतो.

पाचपैकी चार गुण. एक त्या आखूड पायाचा कापला. छोटं घोडियुं घेताना त्याचे हुक दुकानातच बसवून घ्या आणि टोकं आत वळलेली आहेत ना, ते बोट फिरवून बघा.