मुंग्यांना राहायला काय बरं, वाळवीचं वारूळ की कुजकं लाकूड?

कॅमेरूनच्या वर्षावनात क्युबिटर्मिस नावाची वाळवी मातीचं अळंबीसारखं वारूळ बांधते, वर टोपी असल्याने पाऊस घसरून जातो आणि आत कडक भिंतींचे छोटे छोटे कप्पे, मग वाळवी मेली किंवा निघून गेली की मुंग्या तिथे आयत्या बिळावर नागोबा. कुजकं लाकूड सगळीकडे मिळतं, पोखरायला पण सोपं, पण ते भिजतं, भुसभुशीत होतं आणि एक दिवस घरच संपतं. छोट्या वसाहतीला पुरतं म्हणा. पण अंडी, अळ्या, मोठा संसार सांभाळायचा तर मला वारूळच भारी वाटतं, फक्त आत वाळवी अजून नांदत असेल तर तिचे सैनिक वाट अडवतात, मग घुसणं सोपं नाही हं!