मिरचीच्या हिशेबाला उतरलेले कॅसिओचे घड्याळ

१९८५ साली पडद्यावर आलेल्या ‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटातल्या मार्टी मॅकफ्लायच्या मनगटावर कॅसिओचे कॅल्क्युलेटर असलेले घड्याळ होते. त्याच घाटाचे सीए-५३डब्ल्यू हे मॉडेल आजही माफक किमतीत मिळते आणि बहुतेक जण ते त्या पात्राच्या हौसेपोटी घेतात. मी संकेश्वरच्या बाजारात मिरची घालणारा शेतकरी आहे, त्यामुळे त्याची पारख मी हिशेबावरच केली, आणि त्या कसोटीला ते पूर्ण उतरले.

तोल चालू असताना एका हातात पोत्याचे तोंड असते, बोटांना तिखट लागलेले असते, अशा वेळी खिशातला मोबाइल काढणे नको वाटते. घड्याळावर साडेअठरा किलो गुणिले ६४० एवढे दाबले की ११,८४० हा आकडा समोर येतो आणि अडत्याने, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाने, हातात दिलेली हिशेबाची पट्टी जागच्या जागी ताडून पाहता येते. हमाली-तोलाई वजा करून हातात किती पडायला हवे, हेही तिथेच कळते. बटणे सोळा आणि इतकी बारीक, की बोटाच्या पेराने दाबल्यास दोन एकदम दबतात. नखाचे टोक वापरले म्हणजे मात्र चूक होत नाही. पडदा आठ अंकी आहे, म्हणजे दहा कोटींच्या आतला कोणताही व्यवहार त्यात मावतो! टक्क्यांचे बटण नाही, म्हणून पाच टक्के काढायचे तर ०.०५ ने गुणावे लागते.

गजर, स्टॉपवॉच आणि दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवण्याची सोय आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना ही शेवटची सोय उपयोगी पडेल. वजन अवघे २४ ग्रॅम, त्यामुळे हाताला ओझे होत नाही. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे बॅटरी सुमारे पाच वर्षे चालते आणि महिन्याला फार तर ३० सेकंदांचा फरक पडतो. फेब्रुवारी ते नेहमी २८ दिवसांचाच धरते, तेव्हा लीप वर्षात तारीख हाताने सुधारावी लागते.

खरी उणीव दिव्याची आहे. पहाटेच्या अंधारात माल भरताना त्यावरची वेळ दिसतच नाही, आणि ज्याचे निम्मे काम उजाडण्यापूर्वी होते त्याला ही गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. पाण्यापासूनचे संरक्षणही शिंतोड्यांपुरतेच आहे. खानापूरकडच्या पावसात भाताची लावणी करणाऱ्यांनी ते घरीच ठेवावे, अन्यथा कॅसिओचेच पाण्यात टिकणारे दुसरे मॉडेल घ्यावे.

बाजारात नकली मालही पुष्कळ आहे. घेताना पक्के बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मागून घ्यावे, मागच्या झाकणावर कोरलेला मॉडेलचा क्रमांक वाचावा, आणि दुकानातच एक मोठा गुणाकार करून सगळी बटणे उमटतात का हे पाहावे.