पहिलीची शाळा घरात : एका दूरशिक्षण सेवेचा सात महिन्यांचा अनुभव

आमच्या मुलीचे पहिलीचे वर्ष निम्मे झाले असताना नोकरीतील बदलीमुळे आम्हांला घर हलवावे लागले आणि नव्या ठिकाणी तिचा शाळाप्रवेश पुढच्या वर्षावर गेला. मधले सात महिने हातचे जाऊ नयेत म्हणून प्राथमिक वर्गांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका सशुल्क दूरशिक्षण सेवेत आम्ही तिचे नाव घातले. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पुढे ज्या तक्रारी केल्या आहेत त्या एकाच कुटुंबाच्या अनुभवातल्या आहेत आणि या प्रकारच्या अनेक सेवा थोड्याफार फरकाने एकाच साच्यातल्या असतात. तेव्हा साच्यातला कोणता भाग कामाचा निघाला आणि कोणता नाही, एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

सेवेत चार गोष्टी होत्या : आठवड्यातून तीन वेळा सहा मुलांच्या गटाचा पंचवीस मिनिटांचा थेट वर्ग, दर आठवड्याला टपालाने येणारे साहित्याचे पाकीट, दर शुक्रवारी शिक्षिकेचा घरच्या माणसांना येणारा पंधरा मिनिटांचा फोन, आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारे एक अ‍ॅप. जाहिरातीत हा क्रम वेगळाच आहे. तिथे अ‍ॅपची पाच मोठी चित्रे आहेत आणि फोनचा उल्लेख शेवटी बारीक अक्षरांत येतो. सात महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की, फोन नसता तर ही सेवा आम्ही दुसऱ्याच महिन्यात बंद केली असती, आणि अ‍ॅप नसते तर आमचे काहीही बिघडले नसते.

आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दिवसा मुलीजवळ माझ्या सासूबाई बसत. त्यांनी आयुष्यात कोणाला शिकवलेले नव्हते आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा सगळा जीव ‘चूक होऊ द्यायची नाही’ यात अडकलेला असे. मुलगी एखाद्या अक्षराशी थबकली की आजी लगेच ते अक्षर सांगून मोकळ्या होत. शिक्षिकेने पहिल्याच फोनवर त्यांच्याकडून आठवड्याची हकिगत सविस्तर ऐकून घेतली आणि मग एवढेच सांगितले, “आजी, ती अडली की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, आणि तेवढ्यात तिला आले नाही तरच बोला.” पुढचे काही दिवस आजी चक्क बोटांवर मोजत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या बोटाच्या आसपास मुलीच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा.

ही सूचना वरवर किरकोळ वाटेल, पण तिच्यामागे जुने संशोधन आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढले की मुलांची उत्तरे लांब होत आणि गप्प राहणाऱ्या मुलांची संख्या घटे. पडद्यावरच्या वर्गात आवाज पोहोचायलाच थोडा उशीर होतो, म्हणून तिथे तर थांबण्याची गरज अधिकच. पुस्तकात हे वाचून आमच्या घरात कोणी बदलले नसते. दर आठवड्याला एक ओळखीचा आवाज ‘मोजलेत का?’ असे विचारतो, तेव्हा मात्र माणूस मोजतो.

फोनला एवढे महत्त्व देण्याचे दुसरेही कारण आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या, त्या काळात बोत्सवाना या देशात सुमारे ४,५०० कुटुंबांना घेऊन एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना गणिताच्या उदाहरणांचे एसएमएस पाठवले गेले, काहींना त्याच एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोन केला गेला आणि काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. केवळ एसएमएसचा म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. फोनची जोड मिळालेल्या मुलांचे गणित मात्र सुधारले. ती मुले तिसरी ते पाचवीची होती, आमची पहिलीतली. तरी इंटरनेट नाही, पडदा नाही, साधा फोन आणि पलीकडे ऐकणारे माणूस, एवढ्यावर काम होते हे आम्ही घरात रोज पाहत होतो. आमच्या सेवेने हा फोन शेवटच्या महिन्यांत दर शुक्रवारऐवजी एक आड एक शुक्रवारी करून टाकला. विचारणा केली तेव्हा ‘शिक्षकांचा वेळ वर्गांसाठी अधिक उपलब्ध व्हावा’ असे उत्तर आले. माझ्या लेखी सेवेने केलेली ही सर्वांत मोठी चूक होय.

पाकिटाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. त्यात जाड कागदावरची अक्षरकार्डे असत, कापून जोडायचे घड्याळ असे आणि दहा घरांची एक चौकट असे. पाच-पाच घरांच्या दोन ओळी आणि त्यांत ठेवायला घरचीच बटणे किंवा बाटल्यांची झाकणे. आठ अधिक पाच हे गणित मुलगी तोपर्यंत बोटांवर करायची आणि दहाच्या पुढे गेले की बोटे संपल्याने गोंधळायची. एका दुपारी तिने चौकटीत आठ झाकणे मांडली, रिकाम्या दोन घरांकडे थोडा वेळ पाहिले, पाचांतली दोन उचलून तिथे ठेवली आणि उरलेल्या तिनांवर तळहात ठेवून म्हणाली, “आजी, दहा भरले, हे तीन बाहेर राहिले.” दहाची बेरीज अशी हाताने भरून पाहणे आणि पडद्यावर बोटाने झाकणे सरकवणे यांत काय फरक आहे, हे मला नेमके सांगता येणार नाही, पण पडद्यावरच्या त्याच खेळात ती सगळी झाकणे सरसकट ओढून ‘बरोबर’चा आवाज येईपर्यंत वाट पाहायची, हे मी अनेकदा पाहिले.

प्रत्येक पाकिटात घरच्या माणसांसाठीही एकच पान असे, आणि त्यावर या आठवड्यात कोणती गोष्ट साधायची आहे व कोणती अजिबात मागे लागण्यासारखी नाही, असे दोन्ही लिहिलेले असे. त्यातला दुसरा भाग मला फार मोलाचा वाटला. ‘या महिन्यात अक्षर ओळीत बसले नाही तरी चालेल’ एवढे वाक्य वाचून आमच्या घरातली निम्मी चिडचिड थांबली. पाकीट दोनदा उशिरा पोहोचले, पण ती टपालाची गोष्ट.

थेट वर्ग बेताचा होता. पंचवीस मिनिटे हा अवधी योग्य वाटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पाच वर्षांखालील मुलांपुरत्या आहेत आणि त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसून घालवू नये असे म्हटले आहे. सहा वर्षांच्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण पहिलीच्या मुलांना सलग दोन-दोन तास कॅमेऱ्यासमोर बसवणारे वर्ग पाहिले की या सेवेचा संयम जाणवतो. सहा मुलांचा गट हेही चांगले. प्रत्येकाला निदान दोनदा बोलायला मिळे. मात्र इतर वेळी सर्वांचे माईक बंद ठेवण्याचा नियम होता, त्यामुळे मुलगी हात वर करून “ताई, मी सांगू?” असे मोठमोठ्याने विचारत राही आणि पलीकडे काहीच ऐकू जात नसे. आपला आवाज तिकडे पोहोचत नाही हे समजायला तिला आठवडा लागला. त्यानंतर काही दिवस तिने हात वर करणेच सोडून दिले.

याच वर्गात घडलेला एक प्रकार लहान मुलांच्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावा म्हणून जरा सविस्तर लिहिते. व्हिडिओ कॉलच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये आपले स्वतःचे चित्र आपल्याला आरशातल्यासारखे उलटे दिसते, समोरच्यांना मात्र ते सुलट दिसते. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. आमच्या मुलीने वहीत ‘घर’ लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि पडद्यावरच्या स्वतःच्या चौकोनात पाहिले, तर दोन्ही अक्षरे फिरलेली आणि ‘र’ आधी आलेला. तिने मुकाट्याने खोडले, अक्षरे वहीत उलटी काढली, पडद्यावर ती सुलट दिसल्याची खात्री केली आणि समाधानाने वही पुन्हा वर धरली. शिक्षिकेला अर्थातच उलटी अक्षरे दिसली. दोन वर्ग असेच गेले आणि ‘अक्षरे उलटी काढण्याची सवय दिसते, सराव वाढवावा’ अशी नोंद अ‍ॅपवर आली. आम्ही घाबरून गेलो. पाकिटातल्या कागदांवरची तिची अक्षरे तर एकूण एक सुलट होती! शेवटी शुक्रवारच्या फोनवर आजींनी ‘ती आधी नीट लिहिते आणि मग पडद्याकडे बघून खोडते’ असे सांगितले, तेव्हा शिक्षिकेच्या लक्षात आले. आरशाचा पर्याय बंद करणे हे सेटिंगमधले एका खुणेचे काम आहे, आणि ते जमत नसेल तर स्वतःचा चौकोन लपवता येतो. शिक्षिकेने मनापासून चूक मान्य केली, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण लहान मुलांना लिहायला शिकवणाऱ्या सेवेने ही सूचना पहिल्याच दिवशी सर्व घरांना द्यायला हवी होती.

आता अ‍ॅप. मुलीचे वाचन ‘६८ टक्के’ असल्याचे त्यावर दिसत असे. हे टक्के कशाचे, असे मी तीनदा लिहून विचारले आणि पहिल्या दोन वेळी शब्दशः तेच तयार उत्तर आले. तिसऱ्या वेळी कळले की, अ‍ॅपमधील वाचनाच्या खेळांपैकी किती पुरे केले याचे ते प्रमाण होते. मुलगी काय वाचू शकते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या सुमारास ती दहा-बारा ओळींची गोष्ट बोट ठेवून स्वतः वाचू लागली होती, आणि अ‍ॅप तिला मागे पडलेली ठरवत होते. याहून त्रासदायक होती ती सलग दिवसांची साखळी. एकेचाळीस दिवस न चुकता अ‍ॅप उघडल्यावर एके दिवशी इंटरनेट बंद पडले, साखळी शून्यावर आली आणि मुलगी अर्धा तास रडली. सहा वर्षांच्या मुलाला रोज यायला लावण्याची ही युक्ती मोठ्यांच्या खेळांतून उचललेली आहे आणि शिकण्याशी तिचे काहीच देणेघेणे नाही. आम्ही सूचनांचा आवाज बंद केला, पण साखळी बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्ये नव्हती.

पैसे मोजून घेतलेल्या या अ‍ॅपपेक्षा फुकट मिळणाऱ्या गोष्टी आम्हांला अधिक उपयोगी पडल्या, हे नमूद करणे भाग आहे. ‘खान अकॅडमी किड्स’ हे दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०१८ मध्ये आलेले अ‍ॅप जाहिरातींशिवाय आणि विनामूल्य आहे. ज्या मुलांना इंग्रजी समजत नाही त्यांना त्याच्या सूचनांसाठी मोठे माणूस जवळ लागते, ही मर्यादा आहे. वाचनासाठी मात्र ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ आम्हांला सर्वांत आवडले. मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी तिथे चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि त्या उतरवून घेण्याची, छापण्याची मुभा आहे. आम्ही पहिल्या पातळीच्या गोष्टी छापून शिवल्या. मुलीने त्या इतक्यांदा वाचल्या की काहींची पाने सुटी झाली.

नोंदणी करण्याआधी आणखी एक हिशेब पाहून घ्यावा. पंचवीस मिनिटांच्या वर्गासाठी मोठ्या माणसाचा जवळजवळ तास जातो : आधी साहित्य काढून ठेवणे, मग जवळ बसणे, नंतर राहिलेले पुरे करून घेणे आणि वहीचा फोटो पाठवणे. सेवेच्या माहितीपत्रकात ‘मूल स्वतंत्रपणे शिकते’ असे छापले आहे, ते पहिलीच्या मुलाबाबत खरे नाही. आमच्याकडे आजी होत्या म्हणून निभावले. ज्या घरात दिवसा कोणीच नसते, किंवा दोन-तीन मुलांत एकच मोबाइल असतो आणि तोही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो, त्या घराचा विचार या सेवेने केलेला दिसत नाही. वर्गाची वेळ संध्याकाळी मिळेल का, असे विचारणाऱ्या एका पालकांना नकार मिळाल्याचे मला ठाऊक आहे.

पहिली-दुसरीच्या मुलाजवळ रोज तासभर बसू शकणारे माणूस घरात असेल आणि शुक्रवारचा फोन दर आठवड्याला येईल असे लेखी मिळत असेल, तर ही सेवा घ्यायला हरकत नाही; अ‍ॅपकडे पाहून घेणार असाल तर घेऊ नये. मुदत संपताना आम्ही कळवले की, मुलगी आता शाळेत जाणार आहे, तरी पाकीट आणि फोन एवढेच सुरू ठेवायला आम्ही तयार आहोत. अशी योजना उपलब्ध नाही, मात्र केवळ अ‍ॅपची वार्षिक वर्गणी सवलतीत मिळेल, असे उत्तर आले. आम्ही ती घेतली नाही.