सौर दिव्यांच्या नावाखाली आमच्या वस्तीला लुबाडलं

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या वस्तीवर अजून विजेचे मीटर नाहीत. रेशनचं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून चिमणीत डिझेल घालतो. त्याचा धूर रॉकेलपेक्षाही वाईट. सकाळी पोरांनी नाक शिंकरलं की काळं येतं. म्हणून गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस "सूर्यघर योजनेतून दिवे आलेत" म्हणत दारात आला, तेव्हा बायकांनी डब्यातले पैसे काढले. "मावशी, बाकीचं सरकार भरतंय, हा फक्त तुमचा लाभार्थी हिस्सा." घरटी तीन हजार रोख. शाळेच्या खोल्यांसाठीही त्यानं पालकांकडून वर्गणी उचलली, याचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

पत्र्यावर पॅनेल बसलं. त्यानं मीटर लावून २१ व्होल्ट दाखवले, सगळे खूश. थोड्याच दिवसांत दिवे नऊला मिणमिणायला लागले, मग आठलाच. त्याचा फोन बंद.

मोटार रिवाइंडिंग करणारा माझा भाचा सोलापूरहून आला. भर दुपारी त्यानं मीटर अँपिअरवर, म्हणजे वाहणारा वीजप्रवाह मोजायला ठेवून पॅनेलच्या वायरींना लावला. लेबलवर ४० वॅट. बारा व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या तेवढ्या पॅनेलनं कडक उन्हात दोनाच्या वर अँपिअर द्यायला हवेत, आकडा ०.६ च्या पुढे सरकेना. म्हणजे माल जेमतेम १० वॅटचा. "मामा, व्होल्ट लहान पॅनेललाही तेवढेच येतात," तो म्हणाला. मग पेटी उघडली. बॅटरीवरचं चकचकीत स्टिकर नखानं सोललं तर खाली दुसरं, कळकट, तारीख खरवडलेली. जुनी, वापरून टाकलेली बॅटरी.

आणि योजनेचं म्हणाल तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना वीजजोडणी असलेल्या घरांच्या छतांसाठी आहे. अर्ज सरकारी पोर्टलवर होतो, जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान काम झाल्यावर थेट बँक खात्यात येतं. दारोदार दिवे वाटून रोख हिस्सा गोळा करणं तीत कुठेच नाही. ज्या वस्तीवर मीटरच नाही, तिथं त्या योजनेचं नाव घेणारा खोटंच बोलतोय.

पोलिसांत तक्रार दिली आहे, पण पावतीवर नुसता रबरी शिक्का. पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. तुमच्या हातात तसलीच पावती असेल तर ती जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. असा माणूस सांगोल्याकडच्या वस्त्यांवरही फिरतोय असं कानावर आलंय. दारात आला तर पैसे काढण्याआधी त्याला म्हणा, व्होल्ट राहू दे, उन्हात अँपिअर दाखव.