निवृत्तीनंतर: अर्धवेळ नोकरी की ज्येष्ठ नागरिक संघ?

राज्य सरकारी नोकरीत बहुतेकजण ५८व्या वर्षी निवृत्त होतात. हातपाय धड असतात, मग पुढे काय?

अर्धवेळ नोकरीत चार पैसे हाती येतात, सकाळी दाढी करून बाहेर पडायला कारण मिळतं. ६० वर्षांवरच्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे रोजगार पोर्टलही सुरू केलं. पण काम कसं आहे, ते आधी बघावं. आमच्या शेजारचे काका दुकानाचा हिशेब लिहायला पोटमाळ्यावर बसायचे. रोजच्या शिडीने गुडघे धरले. मालकाने खाली गल्ल्याशेजारी टेबल लावून दिलं, तेव्हा कुठे ते टिकले.

संघात पैसा नाही, माणसं आहेत. कुणी दोन दिवस दिसलं नाही की लगेच फोन जातो. एकटं राहणाऱ्याला याची किंमत विचारा! एसटीत ६५ नंतर निम्मं तिकीट, ७५ नंतर मोफत, त्यामुळे सहलीही होतात.

पेन्शन नसेल तर आधी नोकरीच शोधावी. पेन्शन असेल तर मी संघच सुचवेन, फक्त तिथे अंगावर एखादं काम घ्यावं: वस्तीतल्या मुलांचा अभ्यास, नाहीतर कुणाला बँकेचा फॉर्म भरून देणं.