‘कोल्ड स्टोरेजचे’ ग्लॅडिओलस कंद घेताय? आधी हे वाचा

ग्लॅडिओलस या फुलपिकाचा कंद जमिनीतून काढला की लगेच उगवत नाही. तो सुप्तावस्थेत असतो. मग त्याला कितीही खत-पाणी द्या, तो ढिम्म. दोन-तीन महिने 4 ते 5 अंश सेल्सिअसला शीतगृहात ठेवला की ही सुप्तावस्था मोडते, आणि मग लावलेला प्लॉट सगळा एकदम वर येतो. शीतगृहातल्या मालाला दर जास्त मिळतो तो यासाठीच. फसवायलाही इथेच जागा आहे, कारण शीतगृहातले आणि थेट शेतातून आणलेले कंद गोणीत भरले की लांबून सारखेच दिसतात.

आमच्याकडे जुन्नर भागात ऑक्टोबरमध्ये लावण करायची म्हणजे माघातल्या लग्नसराईत फुलांचे दांडे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जातात, असं गणित. जातीप्रमाणे 60 ते 90 दिवसांत फूल येतं. व्यापाऱ्याने ‘बटाट्याच्या शीतगृहात उन्हाळ्यापासून ठेवलेला माल’ म्हणून ‘अमेरिकन ब्यूटी’ आणि ‘व्हाइट प्रॉस्पेरिटी’चे कंद दिले. (जाती तेवढ्या खऱ्या निघाल्या, हे मान्य करायला हवं.) गोणी सोडली तर कंद ओलसर. विचारलं तर म्हणाला, “दादा, थंडीतून बाहेर काढलं की घाम सुटतोच.” उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की शेजारच्या दोघांनीही त्याच्याकडूनच माल उचलला.

पुढे काय झालं? थोडे कोंब वेळेवर आले, बाकीचे महिन्याने, काही त्याहून उशिरा. एकाच सरीत गुडघ्याएवढं झाड आणि शेजारी नुसती माती. माघातली लग्नं उरकली तेव्हा अर्ध्या प्लॉटला दांडाच नव्हता. उरलेली फुलं मार्चच्या उन्हात आली. दांडे आखूड, खालच्या कळ्या शेतातच उमलून गेलेल्या. असल्या जुडीला कोण विचारतो!

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणे, “यंदा थंडीच कमी पडली, त्याला मी काय करणार?” हे कारण ऐकून गप्प बसू नका. थंडी कंदाला लागते ती लावणीच्या आधी, साठवणीत. ग्लॅडिओलसची कळी साठवणीत तयार होत नाही, लावणीनंतर काही पानं फुटली की आत धरते. त्या वेळी कडाक्याची थंडी पडली किंवा उजेड कमी पडला तर उलट दांडा आतच करपतो. म्हणजे सौम्य हिवाळा हा दोष नव्हेच. आणि हवामानाचाच प्रश्न असता तर सगळा प्लॉट सारखाच मागे पडला असता. उगवण अशी विस्कटलेली असेल तर दोष बहुतेक कंदात असतो.

खरा प्रकार टेम्पोवाल्याकडून कळला. खरिपाच्या प्लॉटमधून काढलेले कंद माती झटकून थेट गोणीत भरले होते, शीतगृहाचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. खूण कंदाच्या बुडाशीच होती. नवा कंद जुन्याच्या डोक्यावर वाढतो. सावलीत नीट वाळवला की खालचा जुना कंद सहज तुटून येतो आणि तिथे कोरडा वण राहतो. आमच्या कंदांचा वण पांढरट, ओला होता. तो घाम नव्हता.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही, हे मुद्दाम सांगतो. फूल काढताना झाडावर चार-पाच पानं राखली तर पुढचे सहा ते आठ आठवडे खाली नवा कंद पोसतो. आमचे हे आठवडे एप्रिल-मेमध्ये गेले. पानं लवकर पिवळी पडली आणि कंद बारीक राहिले. फुलासाठी साधारण 4 सेंटिमीटर व्यासाचा कंद लागतो, आमचे बरेचसे त्याखालचे. म्हणजे पुढच्या हंगामाचं बेणंही गेलं.

घेताना शीतगृहाची आवक-जावक पावती मागा, आणि तिच्यावरच्या तारखा शीतगृहात फोन करून ताडून पाहा. बिलावर जात आणि कंद काढल्याची तारीख लिहून घ्या. ‘सुधारित कंद’ एवढ्या दोन शब्दांच्या बिलाला काही अर्थ नाही. गोणीच्या वरचे नव्हे, तळातले मूठभर कंद काढून साल सोला. बुडाशी मुळांचे फुगवटे गोलाकार ओळीत दिसायला लागले असतील तर कंद जागा होतोय. खात्री नसेल तर तेच कंद ओल्या वाळूत ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटली पाहिजेत. एवढं थांबायला जो व्यापारी तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

फसलेलं पीक मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्या. रान नांगरल्यावर दाखवायला काही उरत नाही. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. हेल्पलाइनचा नंबर 1915.

आमची तक्रार अजून चालू आहे. तो माणूस नंबर बदलून आता नाशिकच्या बाजूला माल देतोय असं कानावर आलंय. कुणी ओल्या कंदाला ‘घाम सुटलाय’ म्हणालं तर गोणी टेम्पोतून उतरवूच देऊ नका.