भाजीपाल्याच्या फेऱ्यांसाठी जुना पिकअप: बोलेरो की योद्धा?

वाशीच्या बाजार समितीतून पहाटे माल भरून ठाण्याला पोहोचवणाऱ्यापुढे जुन्या डिझेल पिकअपचे दोन सरळ पर्याय असतात. महिंद्रा बोलेरो पिकअपचे 2523 सीसीचे इंजिन बहुतेक मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेले असते, सुटे भाग तुर्भे-कळंबोलीत सहज मिळतात, आणि त्यामुळे गाडी फार दिवस उभी राहत नाही. टाटा योद्धाच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत मात्र 2.2 लिटरचे, 100 अश्वशक्तीचे इंजिन असून मुंब्रा बायपासचा चढ भरल्या गाडीने चढताना त्या ताकदीचा खरा उपयोग कळतो.

तरीही मी नावापेक्षा गाडीची हाडे आधी पाहीन. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हौदा आणि चासी यांच्या सांध्यात गंज धरतो, तो नव्या रंगाखाली दडतो; म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकावे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत चीर आहे का ते बोट फिरवून तपासावे, आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. गाडीला आठ वर्षे झाल्यावर फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, दरवर्षी करावे लागते, हा खर्चही किमतीत धरावा. कर्जाचा बोजा उतरलेला हवाच. रोजच्या शहरी फेऱ्यांना मी बोलेरो घेईन. घाटमार्गाचा जड माल असेल तर योद्धा.